धोंड्याच्या महिन्यातला नितळ दिवस

माझ्या पोटात कॅमेरा घालून बघायचं हे डॉक्टरांनी ठरवलं. कोणत्या दिवशी बघायचं, ते आमच्या गल्लीतल्या नळानं ठरवलं.

संभाजीनगरात राहणाऱ्याला यात काही नवल वाटणार नाही. आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि बारसं, पाहुणे, गोधड्या धुणं, केस रंगवणं असले सगळे कार्यक्रम त्या दिवसाच्या मागंपुढं धरले जातात. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट कसं रिकामं करायचं, त्यासाठी किती वेळा कुठं जावं लागेल, याचं डॉक्टरांनी वर्णन केलं. ते ऐकून माझ्या बायकोनं मनातल्या मनात टाकीची पातळी मोजली आणि म्हणाली, "सोमवार-मंगळवार नको डॉक्टर. तेव्हा टाकी तळाला असते. आमच्याकडं बुधवारी पहाटे पाणी येतं. बुधवारी हे रिकामे होतील, गुरुवारी तुम्ही बघा." डॉक्टर तरुण होते, पण याच शहरातले होते. त्यांनी मुकाट्यानं गुरुवार लिहिला.

मी बावन्न वर्षांचा आहे. गुलमंडीत माझं कापडाचं दुकान आहे. दिवसभर गादीवर बसून ठाण उलगडायचं आणि बोलायचं, हा माझा धंदा. गेल्या काही महिन्यांत मी जिना चढताना धापा टाकायला लागलो होतो, पट्ट्याला आतल्या बाजूनं दोन नवी भोकं पाडावी लागली होती आणि रक्त तपासलं तर ते भलतंच कमी निघालं. मी गिऱ्हाइकांना सांगत होतो की मी डाएट करतोय. दोघांनी कोणतं म्हणून विचारलं, त्यांना मी ते तपशिलात सांगितलंसुद्धा.

पण घरात ही थाप चालण्यासारखी नव्हती. माझे वडील आतड्याच्या आजारानं गेले. त्यांना त्रास सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी तपासणी सांगितली होती. ते म्हणाले, पोराचं लग्न होऊ द्या, मग बघू. पोरगा म्हणजे मी. लग्न झालं. मग म्हणाले, लग्नसराई आहे, दुकान सोडता येत नाही. मग दिवाळी आली. शेवटी बघितलं तेव्हा डॉक्टरांनी बघून नुसतीच मान हलवली. माझ्या बायकोच्या नव्या संसारातले पुढचे आठ महिने सासऱ्यांच्या उशाशी गेले. तेव्हापासून आमच्या घरात "पुढं ढकलू" हे शब्द फक्त नळाच्या बाबतीत वापरायची परवानगी आहे.

आणि मी भ्यालो होतो. भ्यालेला माणूस एक तर गप्प होतो, नाही तर जास्त बोलतो. मी कापडवाला आहे, तेव्हा मी काय केलं असेल ते सांगायला नको.

दवाखान्यातल्या सिस्टरनं आम्हाला बुधवारचा कागद समजावून सांगितला. दिवसभर फक्त नितळ द्रव घ्यायचे. साधं पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा, डाळीचं वरचं स्वच्छ पाणी. दूध नाही, ताक नाही, लाल-जांभळं काही नाही आणि घन तर कणसुद्धा नाही. मी म्हणालो, "सिस्टर, नितळ म्हणजे नेमकं किती नितळ?" कापडाच्या धंद्यात पातळ आणि पारदर्शक यांत फार फरक असतो, त्यावर घरं चालतात. सिस्टर म्हणाली, "काका, सोपं आहे. ग्लासच्या मागं पेपर धरायचा. बातमी वाचता आली तर प्यायचं. नाही वाचता आली तर नाही."

बुधवारी पहाटे पाणी आलं. टाकी, पिंप, बादल्या, कळशा, कुकरसुद्धा, सगळं भरून झालं. सात वाजता बायकोनं माझ्यापुढं बिनदुधाचा चहा ठेवला. चहातून दूध काढून घेतलं की जे उरतं त्याला चहा म्हणणाऱ्यांची मला कीव येते. तरी मी तो कपातून ग्लासात ओतला, मागं पेपर धरला आणि मोठ्यांदा वाचून दाखवला. शहरात उन्हाचा पारा चढला होता. चहातून पारा आणखीच तांबूस दिसत होता.

नऊ वाजता नारळपाणी आलं. नारळपाण्याच्या मागं बायकोनं जे पान धरलं त्यावर श्रद्धांजलीच्या जाहिराती होत्या. ओळीनं सहा माणसं माझ्याकडं हसून बघत होती. सगळी अगदी स्वच्छ दिसत होती.

"दुसरं पान धर की," मी म्हणालो.

"वाचता येतंय ना? मग प्या."

"अगं, निदान क्रीडा पान तरी."

दहा वाजता लिंबूपाणी झालं. शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला. त्यांच्याकडं शेपूची भाजी होती. जन्मात मी शेपूला हात लावला नाही, आमच्या घरात तिच्याविरुद्ध मी भाषणं केली आहेत. त्या दिवशी मी खिडकीच्या गजाला नाक लावून उभा राहिलो आणि त्या भाजीची मनोमन माफी मागितली. एव्हाना मी स्वतःच इतका नितळ झालो होतो की माझ्या मागं पेपर धरला असता तर संपादकीयसुद्धा वाचता आलं असतं.

आणि अकरा वाजता दारात रिक्षा थांबली.

रिक्षातून आधी एक पिशवी उतरली, मग एक मोठा स्टीलचा डबा, मग दुसरा डबा, मग मोसंब्यांची गोणी आणि सगळ्यात शेवटी माझ्या सासूबाई. त्यांना मी मामी म्हणतो. पाचोडजवळ त्यांची शेती आहे, वय पंच्याहत्तरच्या पुढं, उंची जेमतेम पाच फूट. हे सगळं सामान त्या एसटीनं एकट्या घेऊन आल्या होत्या. रिक्षावाल्यानं डबा उचलून ओट्यावर ठेवताना विचारलं, "आजी, यात काय लोखंड आहे का?"

"धोंडे हायेत," मामी म्हणाल्या. "जावयाचे."

तेव्हा कुठं मला आठवलं की महिना कोणता चाललाय. दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो आणि आमच्या मराठवाड्यात त्याला कुणी अधिक म्हणत नाही, धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे जेवू घालायचे, वर तुपाची धार, पुढं दिवा आणि कपड्यांचा आहेर. तो महिनाभर जावई म्हणजे देव. इतर वेळी तो काय असतो याबद्दल मतभेद आहेत. यंदा हा महिना ऐन आंब्याच्या दिवसांत आला होता, संपायला फक्त तीन दिवस उरले होते आणि माझ्या आजारपणामुळं आम्ही गेलो नव्हतो. म्हणून देव येत नाही तर देऊळ त्याच्याकडं आलं होतं.

खरं सांगतो, त्या डब्याकडं बघून माझ्या मनात भक्तिभाव वगैरे आला नाही. माझ्या मनात आलं, सुटलो.

कारण सरळ होतं. एक धोंडा पोटात गेला की पोट स्वच्छ नाही. पोट स्वच्छ नाही की तपासणी नाही. तपासणी नाही तर पुढच्या बुधवारपर्यंत थांबावं लागणार. आणि दोष कुणाचाच नाही. पंच्याहत्तरीच्या पुढची सासू उन्हातून एसटीनं आली, तिला नाही कसं म्हणायचं? हे कारण इतकं सुंदर होतं की ते वाया घालवणं मला पाप वाटलं.

मी लगेच कामाला लागलो. मामींच्या पाया पडलो, उठताना भिंतीला जरा जास्तच टेकलो आणि आवाज खाली आणून बायकोला म्हणालो, "बघ, इतक्या लांबून आल्यात. एक घास. नुसता प्रसादाचा घास. अन्नाला नाही म्हणू नये गं."

बायको म्हणाली, "तुम्ही बसा."

मग ती मामींकडं वळली. "आई, मी तुला फोनवर सांगितलं होतं की यांना बुधवारी जेवण नाही. फक्त पातळ चालतं म्हणून."

"व्हय ना," मामी म्हणाल्या. "म्हणून तर पातळ आणलंय."

आणि दुसरा डबा उघडला. त्यात आमरस होता. त्याखालच्या कप्प्यात बासुंदी. पिशवीतून बाटल्या निघाल्या, एकीत ताक, एकीत पुरणाच्या डाळीचा कट. जोडीला गोणीभर मोसंब्या. पातळ म्हणजे पातळच, शब्दाला पक्क्या. आमच्याकडं माणूस आजारी पडला की त्याला पातळ देतात आणि पातळ म्हणजे जे वाटीतून सांडू शकतं ते सगळं. त्या व्याख्येत बासुंदी बसतेच.

"आई, पातळ नाही, नितळ," बायको म्हणाली. "आरपार दिसलं पाहिजे."

"आरपार? आन त्यात ताकद कुठून यायची?"

मी इथं मामींची बाजू घेतली. मी म्हणालो, आपण कुणाचं ऐकून कशाला निर्णय घ्यायचा, सिस्टरनं परीक्षा सांगितली आहे, ती प्रत्येक पदार्थाला देऊ. नि:पक्षपाती. मी स्वतः ग्लास धरून बसलो, बायको पेपर घेऊन समोर आणि मामी चष्मा लावून पंच. आमरसाच्या ग्लासामागं पूर्ण पानाची जाहिरात धरली, हाताएवढी अक्षरं होती. मी म्हणालो, "सवलत, असं काहीतरी दिसतंय." बायकोनं पेपर काढून बघितला. ती वधू-वर सूचक मंडळाची जाहिरात होती. बासुंदीच्या वेळी मी अंदाजानंच संपूर्ण बातमी सांगितली, तारखेसकट. ताकाच्या वेळी मामी म्हणाल्या, "मला तर पेपरच दिसंना, तुम्हाला अक्षरं कशी दिसू राहिली?" पंच फुटला होता.

मोसंबीच्या रसावर मात्र मामी अडून बसल्या. मोसंबी त्यांच्या मळ्यातली होती आणि ती नापास होणं त्यांना मान्य नव्हतं. "गाळा," त्या म्हणाल्या. गाळणीतून गाळलं, धूसर. तेव्हा माझ्यातला कापडवाला जागा झाला. गाळणी म्हणजे जाळी हो, तिला विणकाम कळत नाही. मी कपाटातून मलमलचा एक तुकडा काढला, झोपायच्या सदऱ्यासाठी ठेवलेला, इतका तलम की हातावर घेतला तर हात विसरतो. त्याची दुहेरी घडी केली. मोसंबी तीनदा गाळली, तरी कबूल होईना, मोठे मथळे दिसायचे आणि खालचा मजकूर नाही. पण डाळीचा कट, बिनमसाल्याचा, नुसत्या मिठाचा, तासभर हलू न देता ठेवला आणि वरचा तेवढा चौपदरी मलमलमधून सोडला, तर खाली फिकट सोन्यासारखं पाणी उतरलं. मागं पेपर धरला. सोयाबीनचे भाव दशांशासकट वाचता आले. बायकोनं दवाखान्यात फोन लावून विचारलं, सिस्टर म्हणाली, चालेल.

मामींनी ते पाणी वाटीत घालून माझ्यापुढं ठेवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू तिन्ही पंक्ती उठल्या. मी प्यायलो. खोटं बोलत नाही, आयुष्यात मी पंचपक्वान्नांना नावं ठेवली आहेत, पण त्या वाटीला नाही.

तरी डबा तिथंच होता.

दुपारी मामींनी पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली, दिवा लावला. वाण द्यायचं ते द्यायचंच. खायचं नसलं तरी हातात तर घेता येतं. मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, शर्टपीस दिला. तो माझ्याच दुकानातला होता. दर वेळी असतो. माझा मेव्हणा कुणासाठी ते न सांगता घेऊन जातो आणि मी ओळखलं नाही असं दाखवतो. मग मामींनी ताटात तेहेतीस धोंडे मांडले, वर तुपाची धार सोडली आणि ताट माझ्या हातावर ठेवलं. मी ते धरून बसलो. इतकी मोठी सजा मी कुठल्या गुन्ह्याला ऐकलेली नाही.

वाण झालं. मामी हात धुवायला मागं गेल्या. बायको टाकी कितीशी भरलीय ते बघायला गच्चीवर गेली. मी एकटा आणि समोर ताट.

मी एक धोंडा उचलला. अजून ऊबदार वाटत होता, कदाचित उन्हामुळं. दोन्ही हातांनी मधोमध मोडला. पुरणातून वेलदोड्याचा वास आला आणि माझे डोळे आपोआप मिटले.

"भुकंनं खाऊ राहिले का भेवानं?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत होत्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

मी दोन्ही हातांत एकेक अर्धा घेऊन बसून राहिलो.

"हा खाल्ला तर उद्याचं होणार नाय ना?"

"नाही."

"मग कधी?"

"पुढच्या आठवड्यात बघू, मामी."

त्या माझ्या समोर जमिनीवर बसल्या. गुडघा दुखतो म्हणून एरवी त्या खाली बसत नाहीत.

"तुमचे वडील असंच म्हणले व्हते," त्या म्हणाल्या. "तुमच्या काकांनी आम्हाला विचारलं, तारीख महिनाभर पुढं नेता का, व्याह्यांना बरं नाय. मांडव घातलेला, पत्रिका वाटलेल्या. मी म्हणलं, नाय. आन लग्नात ते जेवत नव्हते. मला वाटलं, रुसले. व्याही रुसले म्हणून मी स्वतः पुढं होऊन वाढलं. तीनदा. तिन्ही वेळा त्यांनी खाल्लं. मला मागून कळलं त्यांच्या पोटात काय व्हतं ते."

चोवीस वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटतं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुमचा काय दोष त्यात, मामी," मी म्हणालो.

"दोषाचं कुणी बोलू नाय राहिलं," त्या म्हणाल्या आणि माझ्या एका हातातून एक अर्धा, दुसऱ्या हातातून दुसरा अर्धा काढून घेतला. "भ्यालाव का?"

"हो."

"मग भ्या. भेऊन जा, पण जा."

गच्चीवरून बायको खाली आली तेव्हा मी हात धूत होतो. टाकी पाऊण आहे, ती म्हणाली. मामी म्हणाल्या, बस झालं तेवढं.

संध्याकाळी पाच वाजता औषध सुरू झालं. ती एक पांढरी पूड असते. दोन लिटर पाण्यात कालवायची आणि दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास संपवायचा. चव कशी म्हणाल तर समुद्रात कुणीतरी लिंबू हरवलंय आणि ते सापडायच्या आत आपल्याला समुद्र प्यायला सांगितलाय. पहिला ग्लास मी सहज उडवला, लोक बघत होते म्हणून. दुसरा निम्मा झाला. तिसऱ्याला मी हात जोडले.

आणि तेव्हा मामी पुढं सरकल्या. मी मघाशी जे ऐकलं होतं ते डोक्यात ठेवून सांगतो, त्या बाईला आग्रहाशिवाय दुसरं शस्त्र माहीत नाही. त्यांच्या घरी तुम्ही ताटावर आडवे हात धरा, त्या बोटांच्या फटीतून वाढतात. त्याच पद्धतीनं त्यांनी औषधाचा जग हातात घेतला.

"घ्या. हा एक माझ्यासाठी."

"मामी, खरंच नको. पोट भरलं."

"असं कसं भरलं? एवढुसा तर ग्लास. घ्या, हा तुमच्या सासऱ्यांच्या नावानं. ते मळ्यात एकटे बसलेत, त्यांना काय वाटंल?"

"त्यांना कळणारसुद्धा नाही."

"मी सांगंन ना."

सासऱ्यांच्या नावानं मी प्यायलो. पाचवा मेव्हण्याच्या नावानं झाला. मी म्हणालो, मेव्हण्याच्या नावानं मी विष पिणार नाही, त्यानं माझ्याच दुकानातून शर्टपीस नेऊन बावीस टक्के सूट मागितली होती. मामी म्हणाल्या, "मग त्याच्या बायकोच्या नावानं घ्या, ती बिचारी चांगली हाये." सहाव्याला बायकोनं घड्याळ बघून सांगितलं की दोन मिनिटं उशीर झालाय. मामींनी तिला गप्प केलं. "पाव्हण्याला घड्याळ दाखवू नये." सातवा कुणाच्या नावानं होता ते आठवत नाही, तोपर्यंत माझ्या पोटातून असे आवाज यायला लागले होते की शेजारच्यांनी मोटार लावलीय असं मला वाटलं.

आठवा ग्लास हातात असतानाच मी उठलो.

पुढच्या तीन तासांचं वर्णन मी टाळतो. एवढंच सांगतो की प्रत्येक वेळी बाहेर आलो की मामी मोठ्या उत्सुकतेनं विचारत, "झालं का नितळ?" आणि बायको स्वयंपाकघरातून, "आई, असं विचारतात का?" सिस्टरनं शेवटची खूण सांगून ठेवली होती, ती आली तेव्हा मी दार अर्धं उघडून नुसतंच जाहीर केलं, "अग्रलेख वाचता येतोय." बायको त्या दिवसात पहिल्यांदाच हसली. टाकी निम्म्याच्या खाली गेली होती. या शहरात पैसे उडवणारे लोक मी पाहिले आहेत, पण एका बैठकीत इतकं पाणी उडवणारा मी एकटाच असेन.

गुरुवारी सकाळी मला मागून उघडा असलेला हिरवा झगा घालायला दिला. कापड जाड, शिवण तिरकी आणि दोऱ्या चुकीच्या जागी. मी सिस्टरला सांगायला लागलो की यापेक्षा बरं कापड मी घाऊक भावात देऊ शकतो. तिनं माझ्या हातात सुई टोचली. मी तिला भाव सांगत होतो एवढं आठवतं. किती सांगितला ते आठवत नाही.

जागा झालो तेव्हा बायको उशाशी होती. डॉक्टर समोर उभे होते आणि त्यांच्या कोपराजवळ मामी. आत फक्त एका नातेवाइकाला सोडतात, पण मामींना कुणी अडवलेलं दिसत नव्हतं. डॉक्टर म्हणाले की आतड्याच्या भिंतीवर एक गाठ होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी, तिच्यातून रक्त झिरपत होतं, ती तिथल्या तिथं काढून टाकली आहे. तपासायला पाठवली आहे, आठवड्यानं कागद येईल. दिसायला तरी वाईट वाटत नाही. "पण वेळेवर आलात," ते म्हणाले. "आणखी काही वर्षं राहिली असती तर गोष्ट वेगळी असती."

बायकोनं माझा हात धरला तो दुखेपर्यंत दाबला. मामींनी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे आधी बघितलं तर निघतं?"

"निघतं, आजी. बऱ्याचदा निघतं."

मामींनी मान हलवली आणि पदराचं टोक उगाच सरळ केलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पुरण मऊ असतं. आज चालंल का?"

"आज नको," डॉक्टर म्हणाले. "आज मऊ खिचडी. उद्या एखादा द्या." मग म्हणाले, "मलाही उद्या सासरी धोंड्याला बोलावलंय."

"मग लवकर जा," मामी म्हणाल्या. "वाट बघाय लावू नका त्यांना."

शुक्रवारी मामींनी पहाटे उठून ताजे धोंडे केले. आधीचे गल्लीत वाटून टाकले, घरोघरी जाऊन, जावयाच्या पोटाची हकीकत सांगत. आता गल्लीतल्या सगळ्यांना माझं आतडं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला दोन वाढले, तूप घातलं. मी दोन्ही संपवले आणि ताट पुढं केलं. मामींनी डब्याचं झाकण लावलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पुढं केलेलं ताट या बाईनं रिकामं ठेवलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दुपारच्या एसटीनं त्या गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, कागद आला की आधी मला फोन करायचा, मग कुणालाही.

कागद पुढच्या शुक्रवारी आला, मोबाईलवर, दुपारी तीनच्या सुमाराला. मी दुकानात होतो. एकदा वाचला, गल्ल्यावर डोकं टेकून बसलो आणि मग बायकोला फोन केला. लगेच चूक लक्षात आली, पण तोवर ती रडायला लागली होती, तेव्हा पाच मिनिटं गेलीच. मग मामींना लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"आला, मामी. चांगला आहे. काळजीचं काही नाही. तुम्हाला सांगतो, त्या गाठीची तर इतकी..."

"थांबा," त्या म्हणाल्या. "काय लिहिलंय ते वाचा."

"इंग्रजीत आहे, मामी. मी मराठीत सांगतो ना."

"मराठीत सांगताना तुम्ही पदरचं घालता. जसं हाय तसं वाचा."

मग मी वाचलं. माझं वय, लिंग, नमुना मिळाल्याची वेळ, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं, निष्कर्ष, सही करणाऱ्या बाईंची पदवी. सगळं इंग्रजी, माझ्या तोंडून जसं येईल तसं. समोर एक गिऱ्हाईक साडी हातात घेऊन ऐकत उभं होतं. पलीकडून मामी एकेका ओळीला हं म्हणत होत्या.

"पुन्हा एकदा वाचा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. संपल्यावर पलीकडून मळ्यातल्या मोटारीचा घुरघुराट ऐकू आला.

"बरं," मामी म्हणाल्या. "मग जेवते मी आता."